समुपदेशक व्हायला बोलका स्वभाव लागतो का?

तुम्ही लिहिलंय की मानसशास्त्रात एम.ए. करताय, स्वभाव अबोल आहे आणि बिग फाइव्ह चाचणीत (स्वभावाचे पाच पैलू मोजणारी प्रश्नावली) बहिर्मुखता फारच कमी आली. तेव्हा समुपदेशनाचा नाद सोडावा का? एवढ्यावरून तर अजिबात सोडू नका.

काही समुपदेशकांच्या क्लायंटना इतरांच्या क्लायंटपेक्षा सातत्याने जास्त फायदा होतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे माणसामाणसांत फरक आहे. पण तो स्वभावचाचणीच्या कागदावर सहसा सापडत नाही. टिमोथी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिकेत पंचवीस थेरपिस्टना अवघड क्लायंटचे व्हिडिओ दाखवले. कुणी चिडलेला, कुणी गप्प, कुणी सगळ्याला नकार देणारा. ठरावीक जागी व्हिडिओ थांबवायचा आणि थेरपिस्टने लगेच उत्तर द्यायचं. ही उत्तरं ज्यांची चांगली होती, त्यांचे खरे क्लायंटही जास्त सुधारले. आपल्या सामाजिक कौशल्याबद्दल त्यांनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून मात्र असा अंदाज बांधता आला नाही.

आमच्या सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपलं काम तपासून पाहण्याच्या बैठकीत, एका सहकाऱ्यांच्या सेशनचं संमतीने केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं होतं (तपशील बदलून सांगते). एक मुलगा तिसऱ्या सेशनला आल्या आल्या म्हणाला, "सर, तुमच्याशी बोलून काय होणार आहे? पैसे बाबांचे जातायत, बस्स." त्या जागी मी असते तर घाईघाईने समजूत घातली असती, कारण मी बोलकी आहे. माझे हे सहकारी कमालीचे मितभाषी. ते थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे गेल्या दोन वेळेला तुझ्या कामाचं काही निघालं नाही. कुठे अडलं, सांगतोस?" मुलाने सांगितलं. पुढचा पाऊण तास तोच बोलत होता. टोमणा मनाला लावून न घेणं आणि त्यातली तक्रार खरी मानणं, हे या कामातलं सर्वांत अवघड कसब आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते सरावाने येतं.

स्वभावाने काहीच फरक पडत नाही, असंही नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या मोठ्या अभ्यासात उत्साही, बहिर्मुख थेरपिस्टचा उपयोग कमी मुदतीच्या उपचारात लवकर दिसला. दीर्घ मुदतीच्या उपचारात, तीन वर्षांनी पाहिलं तर, सावध आणि फार ढवळाढवळ न करणाऱ्यांचे रुग्ण पुढे होते. तेव्हा हेल्पलाइनपेक्षा दीर्घकाळ चालणारं काम तुम्हाला जास्त मानवेल, असा माझा अंदाज आहे.

"मला जमेल का" ही शंकाही वाईट नाही. नॉर्वेतल्या हेलेने निस्सेन-ली यांच्या अभ्यासात आपल्या कामाबद्दल शंका घेणाऱ्या, पण माणूस म्हणून स्वतःशी प्रेमाने वागणाऱ्या थेरपिस्टच्या क्लायंटना जास्त फायदा झालेला दिसला. यातला दुसरा भाग विसरू नका. स्वतःला सतत कोसत राहणं वेगळं.

एक अडचण मात्र अबोल माणसाला हमखास येते. आपल्याकडे कुणी गप्प बसलं की समोरच्याला वाटतं, रागावले किंवा आपल्याला नावं ठेवतायत. म्हणून पहिल्याच सेशनला सांगून टाका, "मी मध्ये मध्ये गप्प होते, तेव्हा तुमच्या बोलण्याचाच विचार करत असते. ते खटकलं तर लगेच सांगा." आणि फील्डवर्कसाठी जागा निवडताना आठवड्याला सुपरव्हिजन मिळणार का, हे आधी विचारा.