फॉरमॅट केलं, तरी विंडोज बसेना

प्रश्न : घरच्या डेस्कटॉपवरची विंडोज १० काढून ११ टाकतोय. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, तरी ‘या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे’ असा संदेश येतो. लॅमिंग्टन रोडवर विचारलं तर म्हणाले, डिस्क बदला. खरंच गेलीय का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : पैसे खिशातच ठेवा. या संदेशाचा डिस्कच्या तब्येतीशी काही संबंध नाही. फॉरमॅटने पार्टिशनच्या (सी, डी असे डिस्कचे भाग) आतलं पुसलं जातं. पार्टिशन कुठून कुठवर हे सांगणारा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला तसाच राहतो. विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) पद्धतीने सुरू झाला की विंडोजला तो तक्ता नव्या, जीपीटी प्रकारचा लागतो; तुमचा जुन्या, एमबीआर प्रकारचा आहे. बूट मेनूत (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्याची यादी) तोच पेनड्राइव्ह यूईएफआय न लिहिलेल्या नावानेही दिसू शकतो. तो निवडून विंडोज १० बसली असती, पण ११ ला यूईएफआय लागतंच.

तेव्हा तक्ताच उडवायचा. म्हणजे डी ड्राइव्हही जाणार! ‘फोटो डीमध्ये आहेत, ते राहतील’ या भरवशावर अनेकांचे अल्बम गेलेत. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि चार फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा.

मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तिची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून ठेवा. चुकून ती पुसली जायची भीती तर असतेच, शिवाय विंडोज कधीकधी बूटच्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर टाकते. मग पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

आता इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर शिफ्ट धरून एफ१० दाबा. काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’ टाइप करा, मग ‘लिस्ट डिस्क’. (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) यादीत पेनड्राइव्हही दिसतो, म्हणून क्रमांकावर नव्हे, आकारावर नजर ठेवा : ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते, एक टीबीची ९३१. तुमची डिस्क ० असेल तर ‘सिलेक्ट डिस्क ०’, मग ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही, एंटर दाबताच काम तमाम. दोनदा ‘एक्झिट’ करून रिफ्रेश दाबा. आता एकच अनअलोकेटेड (पार्टिशन न पाडलेली) जागा दिसेल. ती निवडून थेट नेक्स्ट करा. लागणारी छोटी पार्टिशन्स विंडोज स्वतःच पाडते.

प्रॉडक्ट की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा. आधीची विंडोज डिजिटल लायसन्सवर अॅक्टिव्हेट असेल आणि मदरबोर्ड तोच असेल, तर इंटरनेट जोडल्यावर नवी विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट होते. फक्त आधी होम आवृत्ती होती तर होमच निवडा, प्रो नको.

प्रश्न : जुनी एक टीबी हार्ड डिस्क विकायचीय. क्विक फॉरमॅट पुरेसं आहे का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही. त्याने फाइलींची यादी जाते, फाइली जागच्या जागीच असतात आणि फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येतात. वरच्याच पद्धतीने डिस्क निवडून ‘क्लीन ऑल’ द्या. ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं. एक टीबीला दोन-तीन तास सहज लागतात, यूएसबी २ च्या केसमधून (डिस्क बाहेरून जोडायची पेटी) जोडली असेल तर रात्रभर. तेवढा वेळ पडदा हलत नाही, म्हणून वैतागून बंद करू नका. एसएसडीला मात्र हा उपाय नको : तिथे काही ब्लॉक या आज्ञेच्या हाती लागत नाहीत. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्ज) किंवा उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिक्युअर इरेज’ असतं, ते वापरा.