अमेरिकेत ईशापूरची जुनी रायफल घ्यायची आहे, खात्रीची माहिती कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासात राहता, जुनी ली-एनफिल्ड (ब्रिटिश फौजेची थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३) किंवा बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची ७.६२ घ्यायचा विचार आहे, पण नेटवर निम्मे लोक म्हणतात भारतीय रायफल .३०८ च्या, म्हणजे फौजी ७.६२ च्या बाजारात मिळणाऱ्या भावंडाच्या, काडतुसाने फुटते. मग विश्वास कुणावर ठेवायचा, आणि भाव किती द्यायचा? भावाचं मला विचारू नका, तो प्रत्येक गन शोमध्ये वेगळा असतो. पण ते 'फुटते' वाचलं आणि राहवलं नाही.

ईशापूरच्या या ७.६२ चं नाव २ए१. ती म्हणजे थ्री नॉट थ्रीची नळी कोरून मोठी केलेली रायफल, हे साफ खोटं आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर फौजेला ७.६२ ची शस्त्रं हवी होती आणि एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) सगळ्यांना पुरायला वेळ लागणार होता. तोवरची सोय म्हणून ईशापूरने थ्री नॉट थ्रीच्या जुन्या 'नंबर वन मार्क थ्री' मॉडेलच्याच घडणीवर, पण नाटोच्या ७.६२ काडतुसासाठी, नव्याने रायफल बनवली. आधी २ए आली, मग १९६५ पासून २ए१. २ए च्या मागच्या साइटवर आकडे २००० पर्यंत आहेत, २ए१ वर ८०० पर्यंत. मॅगझिन चौकोनी डबीसारखं, १२ गोळ्यांचं. थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन खाली तिरकं असतं, कारण त्या काडतुसाला बुडाशी कड असते. दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघा, पुन्हा गल्लत होणार नाही.

आता माझं दुखणं. आमचे साडू डॅलसला असतात. त्यांच्याकडे जुनी रशियन मोसिन रायफल आहे आणि तिचं त्यांना कोण कौतुक! मी २ए१ घेतली तेव्हा हौसेने त्यांना रेंजवर घेऊन गेलो. शेजारच्या बेंचवर एक टोपीवाले आजोबा होते. त्यांनी ईशापूरचा शिक्का पाहिला आणि मान हलवली. म्हणाले, ही जुनी .३०३ आहे, कोरलेली, तोंडावर फुटेल. साडू खो खो हसले. "अहो, आपल्याकडच्या मालाची कसली गॅरंटी! रशियन ती रशियन." पुढे हा किस्सा मंडळाच्या गणपतीत, दिवाळी फराळाला, जिथे चार टाळकी जमतील तिथे.

माझे बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत टूलरूमला होते. गेज हा शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकलाय. अमेरिकेतल्या रेंजवर मातीत पडलेल्या पितळी केसच्या बुडावर 'के एफ' ही खडकीची अक्षरं दिसली की मी अजून वाकून ती उचलतो. त्यामुळे 'आपल्याकडचा माल' हे मला जरा जास्तच लागलं, कबूल.

वाद तोंडाने मिटत नाही, म्हणून रायफल गनस्मिथकडे नेली. त्याने बोल्ट उघडून एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस ओढणारा आकडा) काढला आणि .३०८ चं 'गो' गेज, म्हणजे काडतुसाच्या आकाराचं पोलादी माप, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) ठेवलं. ते १.६३० इंचाचं असतं. बोल्टची मूठ दोन बोटांनी खाली लोटली, सहज बसली. मग 'फील्ड' गेज, १.६३८, म्हणजे सैलपणाची शेवटची मर्यादा. मूठ अर्ध्यावरच अडली, आणि तो जोर करत नव्हता. अडायलाच हवी. फील्डवर बोल्ट बंद झाला तर ती रायफल झाडायची नाही, मग ती ईशापूरची असो की स्वर्गातून पडलेली. साडूंना सांगितलं तर म्हणाले, "गेज म्हणजे आपलं मनाचं समाधान." बाबा हयात असते तर त्यांनी त्यांना जेवायला तरी वाढलं असतं का, शंका आहे.

'फुटते'च्या मुळाशी दोन आकडे आहेत. .३०८ च्या दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पाउंड दर चौरस इंच), नाटोची ५०,०००, म्हणजे १२,००० चा फरक, बाप रे! पण तो ५०,००० चा आकडा तांब्याचा तुकडा चेपून दाब मोजायच्या जुन्या पद्धतीतला आहे. त्याच पद्धतीत .३०८ चा आकडा ५२,००० येतो. वेगवेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवून लोक वर्षानुवर्षं भांडतायत.

तरी थोडं तथ्य आहे, ते सांगतो. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बारात सगळं किंचित ताणलं जातं. त्यात फौजी चेंबर सैल आणि बाजारातल्या .३०८ च्या केसचं पितळ फौजी केसपेक्षा पातळ. केस बुडाच्या जरा वर ताणली जाते. झाडलेल्या केसवर तिथे चकचकीत वळं दिसतंय का बघा. दिसलं तर पेपरक्लिप सरळ करून टोकाला आकडा वळवा आणि आतून बुडाकडून वर फिरवा. आकडा खाचेत अडकला, म्हणजे केस तिथून तुटायला आलीय, तर रायफल बाजूला ठेवा आणि गनस्मिथ गाठा. मी स्वतः साधं १४७ ग्रेनचं फौजी पद्धतीचं काडतूसच वापरतो, जड गोळीची तेज काडतुसं नाहीत.

थ्री नॉट थ्री घेणार असाल तर डीपी अक्षरं शोधा. ड्रिल पर्पज, म्हणजे एनसीसीच्या कवायतीत खांद्यावर घ्यायची ती. अशी रायफल स्वस्त मिळते, पण ती झाडण्यासाठी नसतेच. फोरएंडमधून (नळीखालच्या लाकडातून) आरपार गेलेला स्क्रू दिसला तर घाबरू नका, ती ईशापूरची नेहमीची मजबुती आहे. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट बसतो त्या चौकटीवरचा) नंबर जुळतो का ते मात्र हट्टाने बघा, विकणारा कंटाळला तरी. आणि 'जंगल कार्बाइन' म्हणून जी आखूड .३०८ एनफिल्ड विकतात, त्यातल्या बऱ्याच इथल्या व्यापाऱ्यांनी २ए१ कापून बनवल्यात. जंगलाशी संबंध शून्य.

जुनी सरप्लस काडतुसं वापरलीत तर नळीत मीठ उरतं. प्राइमरमधल्या (काडतूस पेटवणाऱ्या टोपीतल्या) क्लोरेटचं ते मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. त्याच दिवशी गरम पाणी ओता, मग पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) चिंधी ओढून कोरडी करा आणि शेवटी तेल. साडूंनी डबाभर जुनी रशियन काडतुसं उडवली आणि नळीला वर्षभर नुसतं सुगंधी गनऑइल चोळलं. मागच्या भेटीत मी टॉर्च लावून आत पाहिलं. खाचा कुठे संपतात आणि गंज कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. यावर त्यांनी विषय बदलून क्रिकेट काढलं.

माहिती कुठे शोधायची हे राहिलंच. ब्रिटिश आर्मररांच्या जुन्या पुस्तिका स्कॅन केलेल्या सापडतात, त्या आधी वाचा. गप्पा नंतर. कोणी 'फुटते' म्हणालं तर गेजचं माप विचारा, नव्वद टक्के तिथेच गप्प होतात.

आणि हे आधी लिहायला हवं होतं: तुम्ही एच-वन किंवा तसल्या बिगर-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायलाच सहसा मनाई आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली रायफल 'क्युरिओ अँड रेलिक'मध्ये (संग्राह्य जुन्या शस्त्रांच्या वर्गात) बसते. तिचं संग्राहकाचं लायसन्स तीन वर्षांना ३० डॉलर. २ए१ आता त्यात बसतात, पण कापलेली नाही. राज्याचे नियम वेगळे तपासा.

भारतात न्यायचा विचार असेल तर सोडा. तिथे .३०३ आणि ७.६२ दोन्ही प्रतिबंधित बोअर, नागरिकाला ईशापूरची मिळते ती बहुतेक .३१५.