टूर ऑफ फ्लँडर्स (बेल्जियम) आणि पॅरिस-रुबे (फ्रान्स) या सायकल शर्यती बघायला ग्रुपने जायचंय. टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण?

तुम्ही लिहिलंय की पुण्याचे आठ सायकलवाले आहात, त्यातले दोघं पक्के शाकाहारी, आणि कंपनी म्हणतेय की 'एका दिवसात चार ठिकाणी शर्यत दाखवू'. मी नेदरलँड्समधल्या आयंडहोवनला राहतो. एप्रिल आला की इथली मराठी मित्रमंडळी गोळा करून या शर्यतींना जातो. त्यामुळे स्पष्टच सांगतो: फ्लँडर्सला आपलं आपण जा. रुबेला बस केलीत तर हरकत नाही.

फ्लँडर्समध्ये शर्यतीच्या मागे पळावंच लागत नाही. २०१२पासून ती औडेनार्ड गावात संपते आणि शेवटी त्याच त्या टेकड्यांभोवती घिरट्या घालते. पुरुषांची शर्यत औडे क्वारेमॉन्ट तीनदा चढते, पाटरबर्ग दोनदा. म्हणजे एका जागी ठाण मांडलं तरी तीनदा दर्शन होतं. चार ठिकाणं म्हणजे चारदा बसमध्ये चढायचं-उतरायचं, बंद रस्त्यांना वळसे घालायचे आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट सायकलपटूंचा घोळका बघायचा.

क्वारेमॉन्टचा चढ साधारण २२०० मीटरचा, सरासरी चारच टक्के. आकडा ऐकून हसू येईल, पण बहुतेक रस्ता दगडी फरसबंदीचा आहे. खालचा भाग उभा, मग गाव लागतं आणि गावानंतर फसवा सपाटीवजा चढ. सगळे खालच्या उभ्या भागात गर्दी करतात. मला गावाच्या वरची बाजू आवडते, कारण तिथे चेहऱ्यांवरून कळतं कोण संपलाय. २०२३ आणि २०२५, दोन्ही वर्षी स्लोव्हेनियाचा सायकलपटू पोगाचार याने शेवटच्या क्वारेमॉन्टवरच बाकीच्यांना मागे टाकलं. आधी हेलिकॉप्टरचा आवाज येतो, मग पोलिसांच्या मोटरसायकली, मग लोकांचा ओरडा खालून वर सरकत येतो, आणि सायकली इतक्या जवळून जातात की दगडांवर आपटणाऱ्या साखळीचा खडखडाट ऐकू येतो. झेंडा किंवा मोबाइल रस्त्यात पुढे काढू नका, बाकी काय करायचं ते करा.

पाटरबर्ग तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. लांबी जेमतेम ३६० मीटर. बोरघाट चढलेल्यांना त्यात काय विशेष, असं वाटेल. पण चढ २० टक्क्यांपर्यंत जातो आणि तोही दगडांवर. खात्री करायची असेल तर आदल्या दिवशी, शनिवारी, हौशी लोकांसाठी 'वी राइड फ्लँडर्स' असते. त्यात याच टेकड्यांवर सायकल चालवता येते. नावं मात्र लवकर नोंदवा. सायकल तिथेच भाड्याने घ्या आणि टायर रुंद मागा.

रस्त्याकडेला उभं राहायला साधारणपणे पैसे पडत नाहीत. तंबूतल्या खास जागांना भरपूर पडतात. कंपनीच्या पॅकेजमध्ये बहुतेक तोच खर्च दडलेला असतो. मुक्काम गेंटला करा. तिथून औडेनार्डला थेट ट्रेन आहे, अर्ध्या तासाच्या आसपास. पुढे क्वारेमॉन्ट दहाएक किलोमीटर. सायकल किंवा आयोजकांची बस. सकाळी लवकर पोचा. पुरुषांची शर्यत संपली की लगेच स्टेशन गाठू नका, अलीकडे महिलांची शर्यत त्यानंतर संपते आणि ती तितकीच चुरशीची असते.

शाकाहारी मंडळींना आधीच सांगून ठेवा: बेल्जियममध्ये फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. प्रत्येक गाडीवर विचारायचं, तेल की चरबी. आम्ही घरून पोळीभाजी नेतो. तुम्ही ठेपले, चिवडा घेऊन या.

पॅरिस-रुबे फ्लँडर्सनंतरच्या रविवारी. तिचं गणित वेगळं, कारण ती सरळ रेषेत जाते. नावात पॅरिस असलं तरी १९७७पासून सुटते कॉम्पिएन्यहून. एकूण अडीचशेहून जास्त किलोमीटर, त्यात पन्नासेक किलोमीटर दगडी पट्टे. आरेनबेर्गच्या जंगलातला पट्टा सगळ्यांना बघायचा असतो, पण तिथे घोळका एकदाच जातो आणि शेवट अजून ९०-१०० किलोमीटर दूर असतो. जंगल, मग कारफूर द लार्ब्र हा दगडी पट्टा आणि शेवटी रुबेचं व्हेलोड्रोम (सायकलचा गोल ट्रॅक, शर्यत तिथेच संपते) हे तिन्ही हवं असेल तर वाटा माहीत असलेला ड्रायव्हर लागतोच. म्हणून म्हटलं, बस चालेल.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी सरळ व्हेलोड्रोम गाठतो. फ्रान्समधल्या लील शहरातून मेट्रोने रुबेला जाता येतं, आत जायला तिकीट नाही, मोठ्या पडद्यावर सगळी शर्यत दिसते. मग दार उघडतं आणि धुळीने किंवा चिखलाने माखलेला एकजण आत शिरून दीड फेरी मारतो. महिलांची रुबे २०२१पासून सुरू झाली, २०२५पर्यंत ती आदल्या दिवशी असायची, २०२६पासून रविवारीच होते. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही होतील.

दोन्ही रविवारांच्या मधला आठवडा गेंटलाच काढा. बुधवारी अँटवर्पजवळ स्खोटेनला स्खेल्डेप्राइस नावाची शर्यत संपते, तीही बघता येईल. शिवाय बेल्जियममध्ये जास्त रात्री राहिल्यामुळे शेंगेन व्हिसाचा अर्ज बेल्जियमकडेच करायचा, हाही प्रश्न सुटतो. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. आठजणांच्या अपॉइंटमेंट एकदम मिळणं कठीण, तेव्हा जानेवारीतच हालचाल करा. गेंटच्या खोल्या मात्र त्याही आधी धरा, रद्द करता येतील अशा.