अंग चोरलं, पान्हा चोरला… यात चोरी कसली?

प्रश्न असा आहे की चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलणं, मग "तो अंग चोरून बसला" यात त्याने कोणाचं काय उचललं?

उचललं काहीच नाही. मराठीत चोरणे या क्रियापदाला आपल्याकडचंच काहीतरी लपवणं, राखून ठेवणं, द्यायचं टाळणं असाही अर्थ आहे आणि तो रोजच्या बोलण्यात अगदी मुरलेला आहे. सगळ्यात सुंदर उदाहरण गोठ्यातलं. धार काढायला नेहमीचं माणूस नसलं किंवा जनावर बुजलं तर म्हैस दूध वर ओढून धरते, कास भरलेली दिसते पण सडाला हात लावला तर जेमतेम चार धारा, मग घरातलं कोणीतरी म्हणतं "पान्हा चोरला हिनं", आणि पारडू लुचायला सोडतात नाहीतर पुढ्यात आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, ठेवतात, की ती परत पान्हावते. दूध तिचंच, तरी शब्द चोरलाच!

अंग चोरणे तसंच. लोकलमधे तीन जणांच्या सीटवर चौथा बसतो तो अंग चोरून, म्हणजे आक्रसून. आणि कामात अंग चोरतो तो अंगचोर, ताकद असून लावत नाही. (हल्ली सगळे कामचोर म्हणतात, तोही चालतो, पण मला अंगचोर जास्त नेमका वाटतो, हा शब्द जपायला हवा.) नजर चोरणं पण याच घरातलं.

शब्दाच्या आधी चोर लागला की अर्थ होतो लपलेला, पटकन न दिसणारा. बंडीचा चोरकप्पा, राजगडावर गुंजवण्याकडून चढलं की पद्मावती माचीवर नेणारा चोरदरवाजा. चोरटी धाव मात्र थोडी वेगळी, तिथे समोरच्याला गाफील गाठणं आहे.

खऱ्या चोरीला तर शब्दच शब्द. मित्राचं पेन ढापतात, पेपरात दागिने लंपास होतात नाहीतर लांबवले जातात, डब्यातल्या लाडवांवर डल्ला मारतात. ढापणे बातमीत शोभत नाही आणि लंपास घरात कोणी बोलत नाही. फक्त दरोडा शब्द सैल वापरू नका, कायद्यात त्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात, भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. चार जणांनी धाक दाखवून लुटलं तर ती जबरी चोरी.