कॉलेजसाठी मागे काही ठेवायचे आहे? वाचकांचे प्रश्न

मृत्युपत्रात कॉलेजला पाच लाख ठेवायचे आहेत. मराठीत लिहिले तर चालेल? (निवृत्त शिक्षक, खानापूर)

चालेल. घोळ होतो तो नावात. कॉलेज बहुधा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसते. ते चालवणारी शिक्षणसंस्था असते, आणि तिची इतर कॉलेजे, शाळाही असतात. नुसते ‘माझ्या कॉलेजला’ लिहिले की वादाला जागा राहते. संस्थेचे नोंदणीपत्रावरचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पॅन आणि मग कॉलेज व उद्देश, असे लिहा. कॉलेज बंद किंवा विलीन झाल्यास पैसे कशाला वापरावेत, तेही एका वाक्यात घाला.

सही दोन साक्षीदारांसमोर करा, त्यांच्याही सह्या घ्या. साक्षीला संस्थेचे पदाधिकारी नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. कर्नाटकातल्या उपनिबंधकांना मराठी येत नसेल तर अडायला नको, म्हणून कन्नड भाषांतर सोबत न्या. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक आपल्यापेक्षा लहान वयाचा नेमा. वर्गमित्र नेमला तर तोही ऐंशीचा असतो.

मुदतठेवीवर कॉलेजचे नॉमिनेशन करता येईल? (निपाणी)

नाही. बँक ठेवीला नॉमिनी व्यक्तीच लागते. शिवाय नॉमिनी मालक नसतो, वारसांच्या वतीने पैसे घेणारा असतो. ठेव मृत्युपत्रातच घाला, पण पावतीचा क्रमांक घालू नका. ती ठेव मोडली तर देणगीही रद्द होते. ‘माझ्या बँक ठेवींतून तीन लाख रुपये’ असे लिहिणे सुरक्षित.

हयातीतच शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. पाच लाख पुरतील? (टिळकवाडी)

साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२,५०० रुपये व्याज येते. सगळे वाटू नका. २५,००० द्या, ७,५०० मुद्दलात मिळवा. नाहीतर महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत रकमेची किंमत निम्मी होते, आणि शिष्यवृत्तीतून वह्याही येत नाहीत. चेकसोबत ‘ही रक्कम कायमनिधीत जमा करावी, फक्त व्याज खर्चावे’ असे सहीचे पत्र द्या. पत्र नसेल तर रक्कम चालू खर्चात जाते. निकषही फार अरुंद नकोत. ‘संस्कृतमध्ये पहिली येणारी’ असे लिहिले आणि तो विषयच बंद पडला, तर निधी पडून राहतो.

करसवलत? (खानापूर)

संस्थेकडे देणगीवर करसवलत देणारी प्राप्तिकर खात्याची (८०जी) मान्यता असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात बसत नाही. पावतीबरोबर देणगीचे प्रमाणपत्रही मागून घ्या. मृत्युपत्राने दिलेल्या रकमेवर तुम्हाला ही सवलत नाही.