शहर आणि शहरातली माणसं पर्यावरण टिकवायला काय करू शकतात?

शहराने काय करावं, रहिवाशांनी काय करावं आणि एकट्यादुकट्याने काही केल्याने खरंच फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय. फरक पडतो, पण आपल्या सवयीला शहराच्या व्यवस्थेची साथ असेल तरच. म्हणून रहिवाशाने घरात शिस्त तर पाळावीच, पण त्या शिस्तीचं चीज होईल अशी व्यवस्था नगरपालिकेकडे मागतही राहावं. हे मागण्याचं काम फार थोडे जण करतात, याची मला खंत वाटते.

कचऱ्याचंच घ्या. भाज्यांची देठं, सालं, उरलंसुरलं अन्न पिशवीत बांधून डेपोवर गेलं की ते ढिगाखाली दबतं. तिथे हवा पोचत नाही, ते कुजतं आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या काळात धरलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता अडवतो. म्हणजे ओला कचरा डेपोवर जाऊ न देणं हे घरबसल्या करता येण्यासारखं फार मोठं काम आहे. पण घरी वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल, तर महिन्याभरात कुणीही कंटाळेल. गाडीला दोन कप्पे आहेत का, ओला कचरा पुढे कुठे जातो, तिथे त्याचं काय होतं, हे लेखी विचारा. इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन विचारलंत तर आणखी चांगलं.

दक्षिण कोरियाने हे टप्प्याटप्प्याने केलं. 1995 पासून तिथे कचरा टाकायला विकतच्या ठरावीक पिशव्या आल्या, 2005 मध्ये अन्नाचा कचरा थेट जमिनीत गाडायला बंदी आली आणि 2013 पासून जितका अन्नकचरा तितके पैसे, असा नियम झाला. राजधानी सोलमधल्या बऱ्याच इमारतींत कार्ड लावल्यावर उघडणारे डबे आहेत. डबा कचरा तोलतो आणि त्या घराच्या नावावर वजन मांडतो. वजनाचे पैसे पडतात म्हटल्यावर माणसं कचऱ्यातलं पाणी निथळून टाकायला लागतात, आणि शिजवतानाही हात जरा आखडता घेतात. पुढे त्या कचऱ्याचं खत, पशुखाद्य आणि बायोगॅस होतो.

तुमच्याकडे असं काही नसेल तर खत घरीच करा. भोकं पाडलेल्या डब्यात बारीक चिरलेला ओला कचरा आणि त्यावर भरपूर वाळलेली पानं, असे थर देत जा. वास सुटला की समजावं, ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली. पानं वाढवून खालीवर करावं. मूठभर घेऊन दाबलं तर हाताला ओलसर लागावं, पाण्याची धार लागू नये. सगळ्या इमारतीने मिळून केलं तर फारच उत्तम, कारण मोठा ढीग चांगला तापतो आणि लवकर मुरतो.

वाहनांच्या बाबतीत लोकांना नुसता उपदेश करून काही होत नाही. बस वेळेवर येत नसेल तर माणूस गाडी काढणारच, त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहराने आधी बसच्या फेऱ्या वाढवल्या आणि मग जानेवारी 2006 मध्ये शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्यांवर कर लावून पाहिला. सुरुवातीला बहुतेकांचा विरोध होता. पण रहदारी साधारण पाचव्या हिश्श्याने घटली, लोकांनी फरक अनुभवला आणि त्याच वर्षीच्या सार्वमतात शहराने कराच्या बाजूने कौल दिला. 2007 पासून तो कायमचा झाला. लोक बदलायला तयार नसतात असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

पाण्यात तर रहिवाशांची ताकद थेट दिसते. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरावर नळ बंद करायची पाळी आली होती. माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा घातली गेली, धरणात किती साठा उरला हे जाहीर होत राहिलं, नळाचा दाब कमी केला गेला आणि लोक अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात वापरू लागले. काही वर्षांपूर्वीच्या मानाने शहराचा वापर निम्म्याहून खाली आला आणि नळ बंद करायची वेळ टळली. तुमच्या घरची गळती मात्र आजच शोधता येईल: रात्री झोपताना पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी पाणी जातंय. बरेचदा ते फ्लशच्या टाकीतून जातं. टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्ध्या तासाने पाहा. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर बदलायला झालाय.

झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. नवी रोपं लावण्याआधी जुनी झाडं वाचवा. मोठ्या झाडाइतकी सावली द्यायला रोपाला कित्येक वर्षं लागतात. तुमच्या रस्त्यावर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेली झाडं असतील तर त्यांची यादी फोटोंसकट नगरपालिकेला द्या आणि बुंध्याभोवतीची माती मोकळी करून मागा. लावलेल्या रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हेही लावायच्या दिवशीच नावानिशी ठरवून टाका.