अमेरिकेतल्या म्युझिक कॉलेजकडे स्कॉलरशिप वाढवून मागायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं वाद्य) वाजवते, अमेरिकेत बॅचलर ऑफ म्युझिकसाठी तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. ज्या बाईंकडे शिकायचंय त्यांच्याच कॉलेजची स्कॉलरशिप तोकडी पडतेय. ती वाढवून मागता येते का, आणि मागितल्यामुळे हातातला प्रवेश तर जाणार नाही ना?

मागता येते, आणि नीट मागितली तर प्रवेशाला धक्का लागत नाही. एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसात अशा ईमेलांचा ढीग असतो, त्यामुळे कोणी दचकत नाही. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, तर काही कॉलेजं ऑफर लेटरमध्येच लिहून टाकतात की फेरविचार होणार नाही. म्हणून आधी ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

आपल्याकडे समज असा की स्कॉलरशिप म्हणजे हुशारीचं बक्षीस. म्युझिक कॉलेजात ती बऱ्याच अंशी भरतीचा खर्च असते. ऑर्केस्ट्रा उभा करायचा तर व्हायोला, डबल बेस, ओबो, बॅसून, हॉर्न वाजवणारी मुलं लागतातच, आणि यंदा त्यातली किती पदवी घेऊन बाहेर पडणार हे कॉलेजला आधीच ठाऊक असतं. पियानो, बासरी आणि सोप्रानो (बायकांचा उंच पट्टीचा) आवाज यांच्या रांगा लांब असतात. तिथे उत्तम वाजवणाऱ्यालाही कमी रक्कम येते, आणि अपील केलं तरी फारसं हलत नाही. तुमच्या मुलीचं वाद्य या बाबतीत तिच्या बाजूने आहे. व्हायोलिनच्या मानाने चांगले व्हायोलावादक कमी मिळतात. तीन व्हायोलावादक बाहेर पडणार असतील आणि एकच नवीन ठरलेला असेल, तर तुमच्या पत्राला वजन येतं. हे बाईंना सरळ विचारता येतं: पुढच्या वर्षी तुमच्या स्टुडिओत (म्हणजे तुमच्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या गटात) किती जागा आहेत? प्रश्न अगदी साधा आहे, पण उत्तरातून पुष्कळ कळतं.

पत्र लिहिण्याआधी हिशेब करा, तोही स्कॉलरशिपचा नव्हे, खिशातून जाणाऱ्या पैशांचा. समजा, पहिल्या कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ८२,००० डॉलर आहे (ट्यूशन म्हणजे शिकवण्याची फी ५८,०००, बाकी इतर फी, आरोग्य विमा, राहणं, जेवण) आणि स्कॉलरशिप ३५,००० आहे. दुसरं सरकारी विद्यापीठ, खर्च ५८,००० आणि स्कॉलरशिप १८,०००. पहिल्या कॉलेजचा आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो, पण तिथे तुम्ही ४७,००० भरणार आणि दुसऱ्या ठिकाणी ४०,०००. अपिलात बोलायचं ते या सात हजारांबद्दल.

आता चार वर्षांचं बघा. स्कॉलरशिप बहुतेक वेळा ठरावीक डॉलरमध्ये असते आणि ट्यूशन दरवर्षी वाढते. ५८,००० वर वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी २,३२०, तिसऱ्या वर्षी साधारण ४,७३०, चौथ्या वर्षी ७,२४० डॉलर जास्त जातात. बेरीज १४,३०० च्या घरात. डॉलर नव्वद रुपये धरला तर जवळजवळ तेरा लाख, आणि ही रक्कम कुठल्याच ऑफर लेटरमध्ये लिहिलेली नसते. कॉलेजला विचारा, स्कॉलरशिप ट्यूशनच्या टक्क्यांत देता येईल का? बहुतेक जण नाही म्हणतात. पण गेल्या तीन वर्षांत फी किती वाढली ते मात्र सांगतात.

ऑफर लेटरमध्ये आणखी काही गोष्टी शोधा: स्कॉलरशिप आठ सेमिस्टरची आहे का, टिकवायला किती जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो, कुठल्या ऑर्केस्ट्रात किंवा चेंबर ग्रुपमध्ये वाजवणं सक्तीचं आहे, पहिली दोन वर्षं होस्टेल आणि मेस बंधनकारक आहे का. म्युझिक एज्युकेशनची पदवी घेणार असाल तर शाळेतल्या शिकवण्याच्या सेमिस्टरमुळे चार वर्षांपेक्षा जास्त लागू शकतात, आणि नववं सेमिस्टर स्कॉलरशिपमध्ये धरलेलं नसतं. विद्यापीठाची शैक्षणिक स्कॉलरशिप आणि म्युझिकची स्कॉलरशिप दोन्ही एकत्र मिळतात की एक आली की दुसरी कापतात, हेही लेखी विचारून घ्या. या एका प्रश्नामुळे चित्र पालटू शकतं.

वेळापत्रक साधारण असं असतं. अर्ज १ डिसेंबरच्या आसपास, ऑडिशन जानेवारी-फेब्रुवारीत, निकाल मार्चअखेर ते १ एप्रिल, आणि पदवीसाठी निर्णय १ मेपर्यंत. नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिकच्या सदस्य कॉलेजांच्या आचारसंहितेत पदवीसाठी हीच तारीख आहे, पदव्युत्तरसाठी १५ एप्रिल. त्याआधी सही करा म्हणून कोणी दाबत असेल तर ही तारीख नम्रपणे दाखवा. सगळ्या ऑफर हातात आल्या की अपील लगेच करा, शक्यतो १० एप्रिलच्या आत. उत्तराला आठवडा-दोन आठवडे लागतात. डिपॉझिट (जागा पक्की करण्यासाठी भरायची रक्कम) आधी भरून मग पैसे मागू नका. तुम्ही येणार हे नक्की झालं की वाढवून द्यायचं कारणच उरत नाही. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवणं हा तर सरळ अप्रामाणिकपणा आहे, आणि व्हायोलाच्या शिक्षकांचं जग इतकं छोटं आहे की ते कळतंच.

बारावीचे मार्क अपिलात जोडू असं तुमच्या डोक्यात असेल तर सोडून द्या. एचएससीचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो, तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षांच्या ग्रेडच्या सर्टिफिकेटांनाही तिथे आपल्याकडच्यासारखी किंमत नाही. त्यांनी ऑडिशन ऐकलेली असते आणि तीच मोजली जाते. ऑडिशननंतर एखादी मोठी स्पर्धा जिंकली असेल तर एका ओळीत जरूर लिहा.

पत्र कोणी लिहायचं? मुलीने. बाबांनी लिहिलेलं पत्र अमेरिकन ऑफिसात उलटा परिणाम करतं. अर्जदार सज्ञान आहे, पैशांबद्दल तिला स्वतः बोलता येत नसेल तर चार वर्षं एकटी कशी राहणार, असा प्रश्न त्यांना पडतो. तुम्ही हिशेब करून द्या, मसुदा वाचा, पण ईमेल तिच्या नावाने, तिच्या भाषेत जाऊ दे.

आणि कोणाला? आधी त्या बाईंना. स्कॉलरशिप सहसा त्यांच्या हातात नसते, पण ‘ही मुलगी मला स्टुडिओत हवी आहे’ एवढं त्या ऑफिसला म्हणाल्या की फाइल वर येते. त्यांना लिहिताना आकड्यांची जंत्री नको. तुमच्याकडेच शिकायचंय, घरच्या हिशेबात थोडं अंतर पडतंय, मी ऑफिसला रीतसर विनंती करतेय, तुम्हाला कल्पना असावी म्हणून कळवतेय, एवढं पुरे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिशन किंवा स्कॉलरशिप ऑफिसला मुख्य पत्र.

मुख्य पत्र एका पानाचं. सुरुवातीला प्रवेश आणि मिळालेल्या रकमेबद्दल आभार, दोन ओळीत. मग हेच कॉलेज का, पण नेमकं: अमुक शिक्षिकेबरोबर घेतलेला ट्रायल लेसन, चेंबर म्युझिकचा अभ्यासक्रम. ‘जगप्रसिद्ध संस्था’ वगैरे नको, ते त्यांना माहीत आहे. मग दुसरी ऑफर, वार्षिक निव्वळ खर्चासकट, पीडीएफ जोडून. मग नेमकी रक्कम: ‘वर्षाला ७,००० डॉलर जास्त मिळाले तर मी १ मेच्या आत नक्की येईन’. इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. ‘जी काही मदत होईल ती’ असं लिहिलं तर हजार डॉलर देऊन विषय मिटवला जातो. ‘नक्की येईन’ हे मात्र खरं असेल तरच लिहा, कारण ते दिलेला शब्द म्हणून धरतात.

दुसरी ऑफर तोलामोलाच्या कॉलेजची असली तरच उपयोग. जिथे ऑर्केस्ट्राच अर्धवट आहे अशा कॉलेजने फुकट बोलावलं म्हणून मोठं कंझर्व्हेटरी (फक्त संगीत शिकवणारं कॉलेज) हलत नाही. आणि फिलाडेल्फियाचं कर्टिस (सगळ्यांना ट्यूशन माफ), लॉस एंजेलिसचं कोलबर्न कंझर्व्हेटरी (राहणं-जेवणही माफ) किंवा पदव्युत्तरसाठी येल स्कूल ऑफ म्युझिक, यांच्याशी तुलना करून कोणाला लाजवता येत नाही. तिथला पैसा वेगळ्या देणग्यांतून येतो.

भारतीय घरांचं पत्र हमखास फसतं ती जागा वेगळीच आहे. आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाला लागणारा, कॉलेजने द्यायचा फॉर्म) पहिल्या वर्षाचे पैसे हातात आहेत हे दाखवावं लागतं. मग आपण एफडी, काकांचं स्पॉन्सर लेटर, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट असं सगळं जोडतो आणि त्यात फ्लॅटची बाजारभावाने किंमतही घालतो. कागदावर दीड कोटी दिसतात आणि पंधरा दिवसांनी त्याच ऑफिसला पत्र जातं की सात हजार डॉलर परवडत नाहीत. ऑफिस दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चाला पुरेल एवढंच आणि खरोखर वापरता येणारं दाखवा, आणि अपिलात स्पष्ट करा की पहिलं वर्ष बचतीतून भागेल, दुसऱ्यापासून अमुक इतकं कर्ज काढावं लागेल.

नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, असं काही अर्जानंतर घडलं असेल तर तो वेगळा आणि भक्कम मुद्दा आहे. फॉर्म १६, आयटी रिटर्न, हॉस्पिटलची बिलं इंग्रजीत जोडा. रुपया घसरला हे कारण मात्र चालत नाही, कारण ते प्रत्येक भारतीय अर्जदाराला लागू आहे. एफएएफएसए (अमेरिकन सरकारी मदतीचा अर्ज) आणि फेडरल वर्क-स्टडी (सरकारी पैशातून मिळणारं विद्यार्थ्यांचं काम) अमेरिकन नागरिक आणि मोजक्या इतरांसाठी असतात, त्यात वेळ घालवू नका. कॉलेजने सीएसएस प्रोफाइल (घरच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन फॉर्म) मागितला असेल तर मात्र तो भरलेला असलाच पाहिजे, नाहीतर गरजेच्या आधारावरचा पैसा विचारातही घेत नाहीत.

नकार आला तर? एकदाच, दहा-बारा दिवसांनी, दोन ओळींचं पत्र: अजूनही हेच पहिली पसंती आहे, कोणी नाकारलेली रक्कम मोकळी झाली तर कृपया माझा विचार व्हावा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खरंच असे पैसे मोकळे होतात. तिसऱ्यांदा लिहू नका. त्याऐवजी इतर वाटा विचारा: होस्टेलची सक्ती शिथिल होईल का, कॅम्पसवर स्टेज क्रू, ऑर्केस्ट्रा लायब्ररी अशी कामं पहिल्या सेमिस्टरपासून मिळतात का. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. त्यातून किराणा-फोनचा खर्च निघतो, ट्यूशन निघत नाही. एक वर्ष थांबून पुन्हा बघू म्हणाल तर स्कॉलरशिप सहसा पुढे ढकलून मिळत नाही, ऑडिशन नव्याने द्यावी लागते.

वाढ मिळाली तर ती कुठल्या खात्यावर दाखवलीय ते बघा. ट्यूशन आणि सक्तीच्या फीपुरत्या स्कॉलरशिपवर कर नाही, पण राहण्या-जेवणासाठी दिलेल्या रकमेवर एफ-१ विद्यार्थ्याचा १४ टक्के कर साधारणतः आधीच कापला जातो. सात हजारांतले ९८० तिथेच गेले. तीच रक्कम ट्यूशनमध्ये दाखवता येईल का, हे विचारायला हरकत नाही.

फोनवरच्या ‘हो’वर डिपॉझिट भरू नका. सुधारित पत्र पीडीएफमध्ये मागा, त्यात नवी रक्कम, किती सेमिस्टर आणि अटी हे तिन्ही असावं. मग दुसऱ्या कॉलेजला आणि तिथल्या शिक्षकांना नकार कळवा, म्हणजे ती जागा कोणाला तरी मिळेल. आय-२० नव्या रकमेनेच बनवून घ्या. जुनी बनली असेल तर दुरुस्त करून मागा, कारण मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला स्कॉलरशिप लेटर आणि आय-२० वरचे आकडे जुळायला हवेत. हे सगळं मेच्या पहिल्या आठवड्यात आटपा, ऑगस्टआधीचे व्हिसा स्लॉट फार काळ शिल्लक राहत नाहीत.